दातवण लावलेल्या गौरी

गौरी कपाटात आणि कपाट पुण्यात, असं त्या वर्षी उषाताईंचं झालं होतं. फेब्रुवारीत लेकाकडे लिमरिकला येताना त्यांनी तीन महिन्यांचं सामान बांधलं होतं, त्यात गौरीचे मुखवटे कशाला असतील? मग विमानं बंद झाली. तिकिटं आधी पुढे गेली, नंतर रद्दच झाली आणि बघता बघता भाद्रपद दारात येऊन उभा राहिला. त्यांचे यजमान वसंतराव म्हणाले, यंदा सुपारीवर भागवू, देवाला सगळं समजतं. उषाताई म्हणाल्या, देवाला समजेल हो, सासूबाईंना कोण समजावणार? सासूबाई कधीच्याच गेल्या होत्या, पण गौरींच्या बाबतीत त्या अजून घरातच होत्या.

उषाताईंच्या माहेरी मात्र कागदाच्या गौरी असत. चितारी दर वर्षी दोन नव्या काढून द्यायचा आणि त्यांची पूजा व्हायची. म्हणजे कागद चालतो. प्रश्न एवढाच होता की आयर्लंडात चितारी कुठून आणायचा.

तो प्रश्न रविवारी सुटला. घरातली सगळ्यात लहान खोली, जिला सगळे बॉक्सरूम म्हणत, ती त्यांची सून वृंदा हिची. तिथे तिचं लाकूड कोरायचं टेबल होतं, शायांचे डबे होते आणि भिंतीवर फ्रेममध्ये दोन जुनी जपानी चित्रं होती, लाकडी ठशांनी कागदावर छापलेली. डब्लिनच्या वाटेवर पोर्टलीशला चहाला थांबले असताना तिला ती एका जुन्या वस्तूंच्या दुकानात सापडली होती. उषाताई सहा महिने त्या खोलीत फडकं घेऊन जात होत्या. त्या दिवशी फडकं विसरलं, म्हणून त्यांनी चित्रांकडे पाहिलं. पहिल्या चित्रात एक बाई आरशासमोर गुडघे मोडून बसली होती. डोक्यात लांब पिना, अंगावर निळ्या लाटांचा झगा, हातात बारीक कुंचला. आरशात तिचं किंचित उघडं तोंड दिसत होतं आणि दात काळेकुळकुळीत होते.

उषाताईंनी चष्मा पुसला. त्यांची आजी दातवण लावायची. काळे दात म्हणजे सवाशिणीचं लेणं, नवरा गेला की दातवण सुटायचं. दुसऱ्या चित्रातली बाई हिरव्या मच्छरदाणीतून अर्धी बाहेर येत होती, तिचेही दात काळे. दोघी सवाशिणी, दोघी घरंदाज, दोघी घरात बसलेल्या. एक जरा थोराड, एक कोवळी. ज्येष्ठा आणि कनिष्ठा आणखी कशा असतात?

"आई, त्या जपानी आहेत," लेक ज्ञानेश म्हणाला.

"असू देत. आपण तरी कुठे आयरिश आहोत? राहतोच आहोत ना?"

ज्ञानेशला कंपनीत मोठमोठे प्रॉब्लेम सोडवायचा पगार मिळत असे, पण आईपुढे त्याची हुशारी चालत नसे. त्याने हेडफोन लावले आणि मीटिंगमध्ये शिरला.

वृंदाला आधी आनंद झाला आणि मग धडकी भरली. सासूबाईंनी तिच्या खोलीतली कुठलीही गोष्ट आजवर कौतुकाने उचलली नव्हती. पण त्या चित्रांना हळदीकुंकू लागलं, पाणी शिंपडलं गेलं, तर रंग गेलेच म्हणून समजा. म्हणून तिने अटी घातल्या. फ्रेम उघडायची नाही, कुंकू फक्त काचेवर, तेही कोरडं, निरांजन हातभर लांब आणि विसर्जन नुसतं अक्षता टाकून. शॅनन नदीचं नावसुद्धा काढायचं नाही. उषाताईंनी सगळ्या अटी मान्य केल्या, इतक्या झटकन की वृंदाला थोडी शंकाच आली.

मंगळवारी सकाळी आवाहन. आदल्या रात्रीच्या वादळाने कुंपणावरची फ्यूशियाची लालजांभळी फुलं निम्मी झोडपली होती, उरलेली तेरड्याऐवजी तोडून आणली. आता वाट फक्त अश्लेषाची होती. गौर माहेरी येते तेव्हा लेक घरात हवी, आणि लेक कॉर्कहून निघाली होती.

*

अश्लेषा निघाली होती, पण चार्लव्हिलच्या अलीकडे पेट्रोल पंपावर गाडी थांबवून बसली होती. पर्समधून मंगळसूत्र काढून तिने गळ्यात घातलं. जूनपासून ते पर्समध्येच असे. तिचा नवरा आलोक जूनमध्ये डब्लिनला मित्राकडे राहायला गेला. भांडण असं काही झालंच नव्हतं. लॉकडाऊनमध्ये दोघं एका घरात कोंडले गेले आणि आपल्याला एकमेकांशी बोलण्यासारखं काही नाही, हे दोघांच्याही लक्षात आलं. आधी ऑफिसं होती, म्हणून ते झाकलं गेलं होतं. आता दोघांनी मिळून वकील ठरवला होता आणि महिनाअखेर भाड्याचं घर सोडायचं होतं.

हे फक्त ज्ञानेशला ठाऊक होतं. तिने फोनवर विचारलं होतं, काही महिने तुझ्याकडे राहू का? तिच्या औषध कंपनीतलं निम्मं काम आता घरून होत होतं, लॅबच्या दिवशी ती लिमरिकहून गाडीने जाऊ शकत होती. ज्ञानेश म्हणाला, ताई, गौरी होऊन जाऊ देत, मग आईला सांगू. हा त्याचा लहानपणापासूनचा मार्ग. परीक्षेचा निकालसुद्धा तो जेवण झाल्यावर सांगायचा.

तिला आईची भीती वाटत होती. चाळिशी ओलांडलेल्या, दहा माणसांची टीम सांभाळणाऱ्या बाईला असं वाटणं शोभत नाही, हे तिला कळत होतं आणि तरी वाटत होतं. आईने राहा म्हटलं नाही, तर त्या घरात तिला राहता येणार नव्हतं, मग ज्ञानेश काहीही म्हणो.

दारातच उषाताईंनी तिच्या मागे पाहिलं. "आलोकराव?"

"काम आहे, आई."

"गौरीच्या दिवशीसुद्धा?" एवढंच विचारून त्या आत वळल्या. मग जाता जाता म्हणाल्या, थोरली वृंदा आणेल आणि धाकटी तू. तू तिच्यासारखीच कोवळी दिसतेस अजून. अश्लेषाला हसावं की रडावं कळेना.

*

हॉलमध्ये दोन स्टुलांवर दोन पैठण्या चुण्या घालून नेसवल्या होत्या. त्यांच्या वर फ्रेमा बसायच्या होत्या. तोवर त्या जेवणाच्या टेबलावर उताण्या ठेवल्या होत्या आणि अख्खं घर त्यांच्यावर ओणवं झालं होतं. उषाताई स्वयंपाकघरातून येऊन जाऊन डोकावत होत्या. वसंतरावांनी पोस्टाच्या तिकिटांचं भिंग आणलं होतं. वीज मंडळात आयुष्य गेल्यामुळे त्यांना तारा दिसल्या की चैन पडत नसे, आणि मच्छरदाणीच्या रेघा त्यांना तारांसारख्याच वाटत होत्या.

"वृंदा, हा एकेक धागा कोरलेला आहे?"

"धागा कोरत नाहीत, बाबा. धागा ठेवतात. त्याच्या आजूबाजूचं सगळं लाकूड काढून टाकतात."

"म्हणजे ही केसाएवढी रेघ लाकडाची उभी राहते?"

"हो. आणि उभ्या रेघांचा ठोकळा वेगळा, आडव्यांचा वेगळा. एकावर एक छापलं की जाळी होते. मी करून पाहिलं, माझ्या तिसऱ्या रेघेचाच तुकडा उडाला."

वसंतरावांनी भिंग तिच्या हातात दिलं आणि पुन्हा काढून घेतलं. सून काय काम करते, हे त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं. आता ते विचारतच सुटले. केस कपाळाशी इतके बारीक कसे, निळा एकीकडून फिका कसा होत जातो, कागद कशाचा. वृंदाही खुलून सांगत होती. ज्ञानेशने मीटिंग म्यूट केली आणि तोही ऐकायला आला. आपली बायको इतकं बोलते हे त्याला आठवावं लागलं.

अश्लेषा धाकटीकडे बघत होती. त्या बाईचा चेहरा म्हणजे पाच-सहा रेघा, हसू नाही की दुःख नाही. तरी ती मच्छरदाणीतून बाहेर येताना कशाची तरी चाहूल घेत होती. कोणी येणार असेल, की कोणी नुकतंच गेलं असेल? खोलीत एक दिवा, एक पंखा, उशाशी चहाचा पेला. चित्रात दुसरं माणूस नव्हतं आणि तरी खोली दोघांची वाटत होती.

"उह-ओह," तन्वी म्हणाली.

तन्वी, ज्ञानेश-वृंदाची लेक, पुढच्या आठवड्यात सेकंडरी शाळेत जाणार होती आणि फोनमध्ये डोकं घालून बसली होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून लिमरिकचं इंग्लिशच यायचं. "आजी, लुक ॲट द नॉट. इट्स इन द फ्रंट."

खरंच, दोघींच्या कमरेच्या रुंद पट्ट्याची गाठ पुढे होती, भली मोठी, पोटावर सोडलेली. तन्वीने फोनवरचं वाचून दाखवलं. घरच्या बायका तेव्हा गाठ मागे बांधत. अशी पुढे गाठ, डोक्यात इतक्या पिना, भुवया न भादरलेल्या आणि दात काळे, म्हणजे त्या बहुधा लग्नाच्या बायका नव्हेत, तर... तन्वी थांबली. मराठी शब्द तिला येत नव्हता आणि इंग्लिश शब्द आजीसमोर म्हणवत नव्हता. तिने आईकडे पाहिलं.

"नायकिणी," वृंदा हळूच म्हणाली. तिला हे माहीत होतं. सासूबाईंनी खोलीतली चित्रं उचलली त्या आनंदात तिने ते सांगितलं नव्हतं, आणि आता तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने घाईने जोडलं की नक्की सांगता येत नाही, आधीच्या काळात लग्न झालेल्याही पुढे गाठ मारायच्या.

"पण या?"

"या त्यातल्याच असाव्यात, आई."

वसंतरावांनी भिंग खिशात ठेवलं. ज्ञानेश म्हणाला, सुपारी आहेच, ग्रँड, काही अडत नाही, सुपारी घेऊ. अश्लेषा आईकडे बघत होती. आई आता काय म्हणते हे तिला कळायलाच हवं होतं, चित्रासाठी नव्हे.

उषाताई पदराला हात पुसत पुढे आल्या. चिडल्या नव्हत्या. त्यांनी चष्मा वर केला आणि ती गाठ खूप वेळ पाहिली, दुसऱ्या बाईच्या साडीच्या निऱ्या पाहाव्यात तशी.

"तन्वी, यांना घरी जाता यायचं का गं? आईबापांकडे?"

तन्वीने शोधलं. नाही. लहान असतानाच आईबापांनी विकलेल्या असायच्या. वस्तीला भिंत असायची, भोवती पाण्याचा चर आणि एकच दरवाजा. आजारी पडल्या तरी बाहेर सोडायचे नाहीत.

"म्हणजे माहेर नाहीच."

"नोप."

"मग याच हव्यात," उषाताई म्हणाल्या. "गौर म्हणजे काय, माहेरवाशीणच ना? जिला आयुष्यात कोणी माहेरी बोलावलं नाही तिला आपण तीन दिवस बोलावलं, तर सासूबाई काय मला खातील? आणि दातवण लावून बसल्यात बिचाऱ्या. उचला."

वृंदाच्या जिवात जीव आला. वसंतरावांनी भिंग पुन्हा बाहेर काढलं. आणि त्याच मोकळ्या झालेल्या हवेत अश्लेषाने तोंड उघडलं. नंतर ती म्हणायची की तिने ठरवलं नव्हतं. पण आईला इतकं मोठं मन करताना तिने फार दिवसांनी पाहिलं होतं, आणि ते पुन्हा लहान व्हायच्या आत तिला सांगून टाकायचं होतं.

"आई, आलोक आणि मी वेगळे झालोय. जूनमध्येच. महिनाअखेर ते घर सोडायचंय. मला इथे राहायचंय काही महिने."

उषाताईंनी लेकीच्या गळ्याकडे पाहिलं.

"हे आज घातलंस?"

"हो. वाटेत."

"ज्ञानेशला माहीत होतं?"

ज्ञानेश लॅपटॉपकडे बघू लागला. "सगळ्यांना माहीत होतं तर," उषाताई म्हणाल्या.

"मला नव्हतं," वृंदा म्हणाली आणि तिने नवऱ्याकडे असं पाहिलं की मीटिंग संपल्यावर त्याची दुसरी मीटिंग होणार हे सगळ्यांना समजलं.

वसंतराव लेकीपाशी गेले. त्यांना फारसं बोलता येत नसे. तू जेवतेस ना वेळेवर, असं त्यांनी विचारलं, आणि अश्लेषाच्या डोळ्यांत पाणी आलं.

उषाताईंनी घड्याळ पाहिलं. "वेळ होत आली. वृंदा, थोरली तू घे. धाकटी तन्वी घेईल."

अश्लेषा पुढे आली. "आत्ताच तू या दोघींना आत घेतलंस, आई."

"त्या चित्रातल्या आहेत, अश्लेषा. त्यांचं कोणी काही विचारायला येत नाही. तुझं मला विचारतील."

*

उषाताई वाईट बाई नव्हत्या. त्या क्षणी त्यांना फार राग आला होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. जून, जुलै, ऑगस्ट पोरगी एकटी दीड तासावर राहत होती, रोज फोनवर भाजी काय केली सांगत होती आणि आपल्याला काही कळलं नाही. आई म्हणून आपण इतक्या आंधळ्या? आणि मोडल्या संसाराच्या हाताने गौर आणली तर त्याचा काच पोरीलाच होईल, तिचं उरलंसुरलं बिघडेल, असं त्यांना आतून वाटत होतं. हे चारचौघांत सांगितलं तर खुळचट वाटेल हेही त्यांना समजत होतं. म्हणून त्यांनी लोकांचं नाव पुढे केलं.

वृंदा फ्रेम उचलायला वाकली आणि तशीच थांबली. नणंदेशी तिचं फार सूत होतं असं नाही. अश्लेषा आली की फ्रिज उघडून तारखा तपासायची, जिरं अमुक ठिकाणाहून का आणत नाहीस म्हणायची. पण मघाशी तीच नणंद धाकटीकडे बघत ज्या तऱ्हेने उभी होती, ते वृंदाने पाहिलं होतं. या घरात चित्राकडे असं बघणारं दुसरं कोणी नव्हतं.

"आई, तन्वीच्या हातात मी फ्रेम देणार नाही," ती म्हणाली.

"का?"

"गेल्या महिन्यात तिने तीन मग फोडले. परवा प्रेसचं, म्हणजे कपाटाचं, दार उपसून काढलं. ही काच फुटली तर आतलं चित्र फाटेल. ताई लॅबमध्ये काच हाताळतात. माझी चित्रं आहेत, धरायची तर ताईंनीच धरायची. नाहीतर मग सुपारीच बरी."

तन्वी म्हणाली, फेअर इनफ. तीन नव्हे, दोनच मग फोडले होते, पण आत्या रडतेय हे तिला दिसत होतं.

"आणि राहायचं म्हणाल," वृंदा पुढे म्हणाली, "तर माझं टेबल हॉलमध्ये येऊ शकतं. बाबांना तसंही जाळी कोरून बघायची आहे."

वसंतरावांनी असं कधी म्हटलं नव्हतं. ते म्हणाले, हो, म्हणजे, बघायची तर आहे.

उषाताईंनी सुनेकडे पाहिलं. ही मुलगी सरळ नाही म्हणत नव्हती, त्यांना मागे फिरायला वाट करून देत होती, आणि हे सगळं इतक्या साळसूदपणे की रागावताही येत नव्हतं. आपण अशा कधी वागलो असतो का सासूबाईंशी? नसतो वागलो. मग त्यांनी धाकटीची फ्रेम स्वतः उचलली, पदराने काच पुसली आणि अश्लेषापुढे केली.

"दोन्ही हातांनी धर."

"मंगळसूत्र काढू?"

"आता घातलंच आहेस तर राहू दे आजच्या दिवस. उद्या काढ." त्यांचा आवाज अजून कडक होता. "खोटं घालून देवासमोर येऊ नये एवढं मला कळतं. पण तू वाटेत थांबून घातलंस ते माझ्यासाठी ना? मग माझ्यासाठी राहू दे."

*

पोर्चपासून आत कुंकवाची पावलं उमटवायची होती, पण घर भाड्याचं आणि कार्पेट फिकं. तेव्हा तन्वीने कागदाची पावलं कापली आणि एकेक पुढे ठेवत चालली. तिच्यामागे वृंदा आणि अश्लेषा, छातीशी दोन जपानी बायका धरून. पुढे उषाताई, हातात स्टीलची थाळी आणि चमचा. थाळीचा आवाज ऐकून समोरच्या मिसेस होगन दारात आल्या. मार्चमध्ये नर्सेससाठी सगळ्या गल्लीने टाळ्या वाजवल्या होत्या, तसंच पुन्हा काही असेल अशा समजुतीने त्यांनी भरपूर टाळ्या वाजवल्या. ज्ञानेशने त्यांना हात केला.

त्यांच्या घरची रीत अशी की गौरीला आल्या आल्या सगळं घर दाखवायचं. वडीलधारी बाई प्रत्येक दारात थांबते आणि इथे काय आहे ते सांगते. उषाताईंनी स्वयंपाकघर दाखवलं, म्हणाल्या, इथे अन्नधान्य भरलेलं. हॉट प्रेस, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट, उघडून त्यातले टॉवेल दाखवले, इथे वस्त्रं. ज्ञानेशच्या टेबलापाशी म्हणाल्या, इथे लक्ष्मी येते, पण आवाज म्यूट असतो. वसंतराव हसले. जिना चढून एक खोली लेकासुनेची, एक नातीची, एक आमची, परत जाईपर्यंतची.

अश्लेषाला आईची फक्त पाठ दिसत होती. फ्रेम जड होती. आता एकच दार उरलं होतं आणि तिला वाटलं, आई ते वगळून सरळ खाली उतरेल, तसं झालं तरी आपण काही बोलायचं नाही.

उषाताईंनी बॉक्सरूमचं दार ढकललं. आत लाकडाचा वास होता, टेबलावर अर्धी कोरलेली फळी होती आणि भिंतीवर चित्रांच्या जागी दोन खिळे. थाळी थांबली. त्यांनी वळून वृंदाकडे पाहिलं, वृंदाने मान हलवली.

"ही अश्लेषाची खोली," उषाताई म्हणाल्या. त्या लेकीकडे बघत नव्हत्या, तिच्या हातातल्या काळ्या दातांच्या बाईशी बोलत होत्या. "तुम्ही परवा जाल, बायांनो. ही राहील."